शेवटच्या रांगेपलीकडचे जावईबापू

नाटक कंपनीत होतो तेव्हा माझ्या आवाजाबद्दल मालकांची एकच तक्रार असायची. तो थिएटरबाहेर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जातो, म्हणून लोक तिकीट न काढता तिथेच बसून नाटक ऐकतात, असं ते म्हणत. माईक नावाची वस्तू मी कायम तुच्छ लेखली. बेंबीपासून आवाज काढायचा, टाळूवर आपटायचा आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या छातीत नेऊन ठेवायचा, ही माझी विद्या. आता भूमिका कोणत्या केल्या, हे विचाराल तर थोडी अडचण आहे. मी राजा असायचो, पण राजाचं काम करणारा आजारी पडला तरच. एरवी प्रधान. प्रधानाला वाक्यं मोजकी, पण ती मी अशा काही थाटात म्हणायचो की राजाला पुढचं आठवू नये.

तर असा हा आवाज म्हातारपणी लेकीच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत येऊन विसावला. आणि तिथे असं निघालं, की जेवणाच्या टेबलापलीकडे हातभर अंतरावर बसलेल्या एका माणसापर्यंत तो पोचतच नाही. तो माणूस म्हणजे माझे जावई. ही गोष्ट त्यांची आहे. मी मध्ये मध्ये येईन. जुनी सवय आहे, जात नाही.

जावईबापू मागणी घालायला आले तेव्हा मी ऐटीत विचारलं होतं, आपण काय करता? म्हणाले, डब्यांवर चित्रं छापतो. थंड पेयांचे ते हलके कॅन असतात ना, त्यांना त्यांच्या कारखान्यात सगळे नुसतं डबाच म्हणतात. माझं तोंड उतरलं. राजांच्या सहवासात आयुष्य गेलेल्या माणसाचा जावई डबे छापतो! मग मी नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली, की ते सजावटीच्या व्यवसायात आहेत. परिणाम असा झाला, की माझ्या मावसभावाने त्यांना मुलीच्या लग्नाचा हॉल सजवून देण्याची गळ घातली. जावईबापू बिचारे नाही म्हणाले नाहीत. गेले, आणि त्यांनी फुगे टांगले. सगळे एका उंचीवर, एका अंतरावर, एका दिशेला गाठी करून. पाहुणे आत शिरले की आपोआप रांगेत चालायला लागायचे.

कारखान्यात ते लागले तेव्हा डबे वाहून नेणाऱ्या पट्ट्यांखाली घरंगळलेले डबे लांब काठीने ओढून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. मग शाईच्या टाक्या भरायला लागले, मग चित्रांच्या प्लेटा धुवायला, आणि बऱ्याच वर्षांनी छपाईचं मशीन त्यांच्या ताब्यात आलं. त्या मशीनला कारखान्याच्या हॉलमधले लोक थोरली म्हणत. तिचं काम त्यांनी मला टेबलावर पेला ठेवून समजावून सांगितलं होतं. चकचकीत, कोरा डबा पट्ट्यावरून धावत येतो. एक मोठं चाक गरगर फिरत असतं, त्याच्या एकेका दांड्यावर एकेक डबा टोपीसारखा चढतो. समोर दुसरं चाक, त्याच्यावर रबराचे तुकडे. सगळे रंग आधी रबरावर एकत्र येतात, आणि डबा त्याला घासून स्वतःभोवती एक गिरकी मारतो. एका गिरकीत सगळं चित्र. पुढे डबा साखळीच्या खुंटीवर अडकतो आणि भट्टीत वाळायला जातो. हे सगळं तुम्ही “डबा” म्हणेपर्यंत पंधरा-वीस डब्यांचं होऊन जातं.

मी म्हटलं, एका गिरकीत तयार होणारा नट मी तरी पाहिला नाही. ते मन लावून माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. मला वाटलं, विनोद पोचला.

त्यांची एक खोड होती. रबराच्या एखाद्या तुकड्यावर केस चिकटला, तर त्या तुकड्याखालून जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर तोच ओरखडा उमटतो. तो शोधायचा तर पट्ट्यावरून डबा उचलून उजेडाकडे धरून एकदा पूर्ण फिरवून बघावा लागतो. ती सवय घरी आली. पाण्याचा पेला असो, चहाचा कप असो, औषधाची बाटली असो, जावईबापू आधी तो खिडकीकडे धरून फिरवत आणि मगच तोंडाला लावत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनातून चरकलो. आमच्या नाटकांत सासऱ्याकडचा पेला असाच बघतात, आणि त्यात विष असतं.

पण या माणसाचा खरा गुण संध्याकाळी दिसायचा. कामावरून आले, हातपाय धुतले, की समोर येऊन बसायचे आणि मी गोष्टी सांगायचो. कंपनीचे दौरे, मालकांच्या लबाड्या, आणि विशेषतः माझी मुकुटाची गोष्ट. राजा आजारी होता म्हणून त्या दिवशी मी राजा होतो. मरणाच्या प्रवेशात मी कोसळलो आणि मुकुट डोक्यावरून सुटून घरंगळत पहिल्या रांगेत गेला. एका बाईंनी तो उचलला, परत आणून दिला, आणि मी मेल्या-मेल्या त्यांना धन्यवाद म्हटलं. ही गोष्ट मी जावईबापूंना किती वेळा सांगितली असेल, हे माझ्या लेकीला विचारा; ती उठून भांडी घासायला जायची. ते मात्र पुढे झुकून, पापणी न लववता बघत असत. योग्य जागी हसत, योग्य जागी त्यांचा चेहरा पडे. ‘हे मागे सांगितलंत, मामा’ असं एकदाही म्हणाले नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की हा माणूस डबे छापत असला तरी रसिक आहे.

एके दुपारी लेक माझ्या खोलीत आली आणि तिने दार लोटलं. कारखान्यात नवे साहेब आले आहेत, म्हणाली. हॉलमध्ये थोरलीच्या शेजारी एक नवं, दुप्पट वेगाचं मशीन बसणार आहे. तिचं नाव आधीच धाकटी पडलं होतं. ती कुणाला द्यायची, हे साहेब लवकरच ठरवणार होते. आणि त्यांनी एक नियम काढला होता. थांबलेलं मशीन परत सुरू करण्याआधी भोंगा वाजतो; तो ज्याला ऐकू येत नाही, त्याने कुठल्याच मशीनवर उभं राहायचं नाही. त्याने गोदामात जायचं, डब्यांच्या थप्प्या बांधायला.

“मग?” मी म्हटलं.

“बाबा, ह्यांना ऐकू येत नाही.”

डावा कान लग्नाआधीच गेला होता. त्या हॉलमध्ये इतके दिवस उभं राहिल्यावर उजव्यातही फारसं उरलं नव्हतं. हॉलमध्ये कुणाला कळलं नाही, कारण तिथे सगळेच कानांवर जाड टोप्या घालून वावरतात आणि खुणांनी बोलतात. सगळेच बहिरे असले की खरा बहिरा कोण हे कळायला मार्ग नसतो. घरी म्हणाल, तर लेकीने हॉलमधल्या खुणा शिकून घेतल्या होत्या. मला वाटायचं या दोघांत संवादच नाही, पोरगी फार सोसते. प्रत्यक्षात ती दोघं माझ्या डोळ्यांदेखत रोज हातांनी अखंड गप्पा मारत होती. त्यात एक खूण माझ्यासाठीही होती, छातीवर हात ठेवून तो झोकात बाहेर फेकायचा.

अशा वेळी बापाने काय विचारावं? डॉक्टरला दाखवलं का, नोकरीचं काय होणार. मी विचारलं, “म्हणजे माझ्या गोष्टी?”

लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

ती म्हणाली, “थोरलीपासून ह्यांना तोडलं तर हे बसल्या जागी वाळतील, बाबा. धाकटी नाही मिळाली तरी चालेल. पण गोदामात ह्यांना पाठवू नका.” जणू काही नियम मीच काढला होता. मग तिने खरी विनंती पुढे ठेवली. महिन्याअखेर कारखान्यात घरच्यांसाठी खुला दिवस होता. त्या दिवशी साहेब एकेका माणसाशी बोलणार होते. तेवढं बोलणं निभावून न्यायचं होतं. ऐकू येत असल्याचं सोंग माझ्याशिवाय कोण शिकवणार?

माझी छाती फुगली, हे कबूल करायला हवं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी दिग्दर्शन मागत होतं.

तालमी सुरू झाल्या. माझी योजना साधी होती. साहेब काहीही बोलोत, उत्तरं तीनच. ‘अगदी बरोबर.’ ‘बघू या की.’ आणि तिसरं म्हणजे मनमोकळं हसून ‘या गोंगाटात कोण काय ऐकणार, साहेब.’ प्रधान म्हणून मी आयुष्य याच तीन वाक्यांवर काढलं होतं. दरबारात याहून जास्त काही लागत नाही. कुठलं वाक्य केव्हा म्हणायचं, हे मी मागे उभा राहून खुणेने सांगणार होतो. नाकाला हात लावला की पहिलं, हनुवटीला लावला की दुसरं, कानाला लावला की तिसरं.

जावईबापूंइतका वाईट नट मी जन्मात पाहिला नाही, आणि मी रोज आरशात बघतो. ‘अगदी बरोबर’ ते विजेच्या मीटरवरचा आकडा वाचावा तसं म्हणत. मनमोकळं हसा म्हटलं, की ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखा चेहरा करत. मी चिडलो, ओरडलो. त्यांना काय, ऐकू येत नव्हतं. शेवटी लेकीने मध्ये बसून माझं ओरडणं हातांनी त्यांच्यापर्यंत पोचवलं, आणि माझ्या मते तिने ते बरंच सौम्य केलं.

त्याच तालमींत एकदा मला राहवलं नाही. लेकीमार्फत विचारलं, माझी मुकुटाची गोष्ट तुम्हाला काय कळली ती सांगा. ते खुलले आणि सांगू लागले.

“एक जाडा आचारी असतो,” ते म्हणाले. “त्याच्याकडे ही एवढी कढई. त्याला वाटतं आपल्यासारखा कुणी नाही. एक दिवस मोठ्या लोकांचं जेवण असतं आणि कढई त्याच्या हातून सुटते. घरंगळत जाते ती थेट पाहुण्यांत. आचारी जमिनीवर पडून रडतो. मग एक बाई उठते आणि कढई परत आणून देते. काही बोलत नाही. तो तिला हात जोडतो.” ते थांबले. “मला ती बाई फार आवडते, मामा. तुम्ही तिथे आलात की मला रडू येतं.”

मलाही रडू आलं, पण वेगळ्या कारणाने. माझ्या गोष्टीपेक्षा ही चांगली होती.

खुला दिवस उजाडला. मी ठेवणीतला कोट घातला. फाटकाशी सगळ्यांना कानांवर घालायच्या टोप्या दिल्या, आणि आठवण म्हणून चित्र वाकडं छापलं गेलेल्या डब्यांतला एकेक डबा. माझ्या डब्यावरच्या फळाला दोन देठ होते. आत पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं राहायचं, असं बजावलं.

आणि मग मी तो हॉल पाहिला. टोपीतूनही आवाज पायांच्या तळव्यांतून वर चढत होता. छताखालून डब्यांच्या ओळी उतरत होत्या, वळत होत्या, खाली डोकं वर पाय होऊन पळत होत्या, एकमेकींना ओलांडत होत्या, आणि कुठे धक्काबुक्की नाही. आमच्या कंपनीत चार सैनिक रंगमंचावर आले तर दोन एकमेकांवर आपटत. मधोमध थोरली. तिची चाकं फिरताना दिसतच नव्हती, नुसती चमक दिसत होती. एका बाजूने चांदीचा लोंढा आत शिरत होता, दुसऱ्या बाजूने लाल-हिरवा लोंढा बाहेर पडून साखळीवर चढत होता. आणि तिच्यापाशी आमचे जावईबापू. घरी जे पायपुसण्यावर अडखळतात, तेच. एक हात मशीनच्या अंगावर टेकलेला, दुसऱ्या हाताने मधूनच त्या लोंढ्यातून डबा उचलायचे, फिरवायचे, टाकायचे. मागे न बघता बोटं नाचवायचे आणि तिकडे टोकाला एक लंबूटांग माणूस, त्यांचा मदतनीस, ज्याला सगळे उंट म्हणत, शाईची कळ फिरवायचा. नाटक चालू होतं, आणि मी प्रेक्षकांत होतो. तिकिटाशिवाय.

तेवढ्यात त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. चेहरा उजळला. त्यांनी हॉलकडे वळून छातीवर हात ठेवला आणि झोकात बाहेर फेकला. म्हणजे मी. घरातली ती खूण त्यांनी हॉलभर नेऊन पोचवलेली दिसली, कारण या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं माझ्याकडे वळली. कुणी हात उंचावला, कुणी मान तुकवली.

इतक्या वर्षांनी भरलेलं सभागृह माझ्याकडे बघत होतं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं माहीत नाही. मी पडदा पडल्यावर करायचो तेच केलं. एक पाऊल पुढे, दोन्ही हात डोक्यावर उंच, तळवे समोर.

थोरली थांबली.

त्या हॉलमध्ये दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ‘बंद करा, माणूस मशीनमध्ये सापडलाय’. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन लाल बटणं एकदम दाबली. माझ्या कुठल्याही अभिनयाला इतका तत्काळ प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. पट्टे थांबले, मागचे डबे पुढच्यांवर चढले आणि दोन-तीनशे डबे खळाळत फरशीवर आले. मग असा सन्नाटा पसरला, की लोकांनी टोप्या काढून एकमेकांकडे पाहिलं. कोण सापडलं? सगळ्यांची बोटं हळूहळू माझ्याकडे वळली. मी अजून हात वर धरून उभा होतो, कारण टाळ्यांची वाट बघत होतो.

नवे साहेब लांबून येताना दिसले. सडपातळ, शांत माणूस. जावईबापूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, त्यात राग नव्हता, आणि ते कामाला लागले. भट्टीच्या तोंडाशी साखळीच्या खुंट्यांवर डबे तिरके अडकले होते, ते जाळी उघडून हाताने काढू लागले. पाठ आमच्याकडे. तिकडे टोकाला उंटाने आपल्या बाजूचं उरकलं, त्याला मधल्या ढिगामुळे यांचं टोक दिसत नव्हतं. त्याने परत कानांवर टोपी चढवली आणि भोंगा दिला.

भोंगा चांगला लांबलचक वाजला. साखळीजवळची माणसं मागे सरली. जावईबापू सरले नाहीत. त्यांचा हात कोपरापर्यंत आत होता.

मी ओरडलो. बेंबीपासून, टाळूवर आपटून, सगळी विद्या पणाला लावून मी “थांबा!” म्हणून ओरडलो. हॉल शांत होता, छत पत्र्याचं होतं, असा आवाज लागणं नटाच्या नशिबात एकदाच येतं. बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले, असं नंतर कळलं. ज्या दोघांनी ऐकायला हवं होतं त्यांतल्या एकाच्या कानावर टोपी होती आणि दुसरा माझा जावई होता.

लेकीने हातातला आठवणीचा डबा नेम धरून फेकला. तो त्यांच्या पाठीत बसला. ते वळले, लेकीचे हात डोक्यावर पाहिले आणि हात बाहेर ओढला. साखळीला हिसका बसला. हातमोजा आतच राहिला. तो खुंटीवर बसून, पाची बोटं वर करून, डब्यांच्या रांगेत आपल्या नंबरावर भट्टीत निघून गेला. आम्ही सगळे तो जाताना बघत राहिलो.

परत सगळं बंद झालं. साहेब येऊन जावईबापूंसमोर उभे राहिले. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, भोंगा ऐकला नाहीत का तुम्ही?

मी साहेबांच्या पाठीमागेच होतो. मी कानाला हात लावला. तिसरं वाक्य, मनमोकळं हसून. असा चपखल प्रसंग त्या वाक्याला तालमीतही मिळाला नव्हता. जावईबापूंनी माझी खूण पाहिली. मी पुन्हा कान धरला, जरा जोरात ओढला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खाली, स्वस्थ होते.

“नाही ऐकला,” ते म्हणाले. “बरीच वर्षं नाही ऐकू येत, साहेब.”

मी कान धरलेला तसाच उभा होतो.

चूक माझी आहे, हे सांगायला मी पुढे सरसावलो. त्यासाठी मला साधारण अर्ध्या पानाचं भाषण सुचलंही होतं. दुसऱ्या वाक्याला साहेबांनी कानांवर टोपी चढवली. नंतर जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दिसेल असं, सावकाश ओठ हलवत म्हणाले, उद्यापासून मशीनवर नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्या हातमोज्याला भट्टीत जाताना बघितल्यावर तो माणूस चुकीचं काही बोलतोय असं मलाही वाटलं नाही.

गोदामात मात्र त्यांना पाठवलं नाही. कानाच्या डॉक्टरचं होईपर्यंत तपासणीच्या टेबलावर बसवलं. दिव्याखाली डबे फिरवून बघायचे. दिवसभर डबे फिरवायला मिळतात म्हटल्यावर ते सुखी होतील, असा माझा अंदाज. माझे अंदाज तुम्हाला आता माहीत झालेच आहेत. घरी येत, हात धूत, आणि ते मांडीवर ठेवून बसत. लेक म्हणाली, हे बोलत नाहीत माझ्याशी. मला ते नेहमीसारखेच गप्प वाटत होते. मग नीट पाहिलं, तर हात खरंच हलत नव्हते. पेलासुद्धा न फिरवता पाणी पीत होते. मी गोष्ट सांगायला बसलो तर बघत, पण कढई घरंगळली तरी चेहरा हलत नसे. मी खोलीत जाऊन एकटाच बसायला लागलो. शेवटच्या रांगेतला माणूस उठून गेल्यावर नटाने करायचं काय?

मग एकदा साहेबांनी त्यांना बोलावलं. थोरलीच्या डोक्यावर त्यांनी फिरणारा पिवळा दिवा बसवून घेतला होता. भोंग्याआधी तो लागतो आणि सगळा हॉल पिवळा होतो. जाळी उघडी असली तर मशीन सुरूच होत नाही, अशीही सोय केली होती. डॉक्टरांनी उजव्या कानात घालायचं यंत्र दिलं होतं. तेवढ्यावर थोरली परत मिळाली. धाकटी मिळाली नाही. ती उंटाला गेली. मी जरा चाचपडत विचारलं, वाईट वाटतं का? खांदे उडवून म्हणाले, “ती फार भरभर बोलते, मामा. मला थोरलीच बरी.” आणि समोरचा पेला उचलून खिडकीकडे धरून फिरवला. लेक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तो हातमोजा भट्टीतून कडक भाजून निघाला होता. उंटाने तो थोरलीवर खिळ्याला लावलाय. आणि त्या हॉलमध्ये मशीन बंद करायच्या खुणेला आता ‘मामा’ म्हणतात. एखाद्या नटाचं नाव थिएटरला देतात, पुतळे उभारतात. माझं नाव दिवसातून दोनदा निघतं, आणि ते निघालं की सगळं काम थांबतं.

यंत्र कानात घालून जावईबापू पहिल्या संध्याकाळी समोर बसले, तेव्हा मी गडबडलो. इतक्या वर्षांत प्रथमच या प्रेक्षकाला माझा आवाज ऐकू येणार होता. मी ठेवणीतला कोट चढवला, घसा साफ केला, मुकुटाची गोष्ट लावली. कुठेही हात आखडता घेतला नाही. स्वर चढवले, उतरवले, मरताना तर असा काही कंप दिला की कपाटातली भांडी थरथरली. ते ऐकत होते. मधे एकदा त्यांनी यंत्राचं बटण बोटाने कमी केलेलं मला दिसलं, मी दुर्लक्ष केलं.

गोष्ट संपली.

“म्हणजे त्यात आचारी नाहीच?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कढई?”

“मुकुट होता तो.”

“आणि त्या बाईला तुम्ही मोठ्याने धन्यवाद म्हणता. मेलेले असताना.”

“हो. तोच तर विनोद आहे.”

त्यांनी मान हलवली. सभ्य माणूस आहे. मग कानातलं यंत्र अलगद काढलं, डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. पुढे झुकले आणि छातीवर हात ठेवून तो माझ्याकडे फेकला. पुन्हा सांगा.

मी उठलो, कोटाची बटणं लावली आणि दोन्ही हातांनी केवढी कढई होती ते दाखवलं.